वल्ह्याला लावलेला कान

कान वाजतात असं एकदा तोंडातून गेलं की शेजारीपाजारी सगळे वैद्य होतात. लसूण घाला, कांदा घाला, रुई घाला. मला गेल्या पावसाळ्यापासून उजव्या कानात बारीक शिट्टी ऐकू येते. म्हातारपणाची आहे, जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी परवा समोरची सूनबाई तेलाची वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, कोमट आहे तोवर घालून घ्या." मी तिला वाटीसकट घालवून दिली. बिचारीचं काही चुकलं नव्हतं. पण कानाच्या औषधाचं नाव काढलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ती का जाते, ते आज लिहून टाकते.

आम्ही कोळी. रेवसच्या खालच्या अंगाला खाडीच्या तोंडाशी आमचा कोळीवाडा. बाबा मचव्याचे तांडेल होते, म्हणजे मचवा कुठे न्यायचा, जाळं कधी टाकायचं, सगळं त्यांच्या शब्दावर. त्यांचा धाकटा भाऊ, माझा काका, त्याच मचव्यावर खलाशी. बाबांना तांडेलकी मिळाली होती ती कानामुळे. घोळ नावाचा मोठा मासा असतो. तो पाण्याखाली कळपानं जमला की घुरघुरतो. वरून काही कळत नाही. पण शीड उतरवून, सगळ्यांना गप्प बसवून, वल्ह्याचं पातं पाण्यात उभं धरायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची. मग खालचं सगळं वर येतं. घोळ कुठल्या बाजूला आहे, किती खोल आहे, येते आहे की जाते आहे, हे बाबा डोळे मिटून सांगत. आजूबाजूच्या चार वाड्यांत असा कान दुसऱ्या कुणाला नव्हता.

त्यासाठीचं वल्हं निराळं होतं. आजोबांच्या हातचं, सागवानी. त्यानं कधी मचवा वल्हवला नाही. मूठ डोक्याच्या तेलानं काळी कुळकुळीत झालेली, आणि एकदा चीर गेली म्हणून आजोबांनी तिच्यावर तांब्याची पट्टी ठोकलेली. लहानपणी एकदा मचवा खाडीत बांधलेला असताना बाबांनी मला ते कानाला लावून दिलं. पाण्याखाली भट्टीत चणे फुटावेत तसं तडतडत होतं. "काय गं, काय आयकतंस?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, "खाली कुणीतरी चणे भाजतंय." बाबा इतके हसले की मचवा हलला. ते कोळंबीच्या जातीचे जीव, म्हणाले, आणि त्यांच्या गलबल्यातून घोळीचा आवाज वेगळा काढायचा असतो.

ही गोष्ट सन तीसच्या आसपासची. मी पंधरा वर्षांची, मराठी चौथी झालेली आणि वाड्यातली एकटी वाचता येणारी मुलगी. त्याचा मला माज होता, उगाच कशाला नाही म्हणू? आणि राग तर नाकावर. आई म्हणायची, "हिच्या सासूनं कुठचं पाप केलंय देव जाणे."

त्या वर्षी शिमग्याला होळी पेटली तेव्हा देवीच्या नावानं उखळीचा बार काढायचा मान नेहमीप्रमाणे काकाचा होता. लोखंडी उखळीत दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं. काका थोडी झोकून आला होता. बाबा नारळ घेऊन पुढे झाले, तेवढ्यात यानं वात लावली. बाबांच्या कानापासून तीन हातांवर बार उडाला. बाबा मटकन खाली बसले, नारळ घरंगळत गेला. आणि काका काय म्हणाला? "दादाचा कान धुवून काढला!" सगळे हसले. बाबाही हसले. मी नाही हसले. दोन दिवस बाबांच्या कानात कीं आवाज होत राहिला, मग थांबला. सगळे विसरले. मी डूख धरून बसले.

पावसाळा संपता संपता आमच्याकडे हिवतापाची साथ यायची. त्या भादव्यात बाबा सापडले. दुपार झाली की हुडहुडी, तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. हिवतापावर कोयनेल, म्हणजे क्विनिन, तेव्हा पोस्टात विकत मिळायची, तिच्या गोळ्या मी आणल्या. पुडीवरचा कागद मीच वाचला. किती घ्यायच्या, किती दिवस, सगळं छापलेलं होतं. सात दिवसांत ताप गेला. आई पुडी ठेवून द्यायला निघाली, तर मी तिच्या हातातून काढून घेतली. म्हटलं, सात दिवसांत ताप जातो तर सत्तर दिवसांत तापाची आईसुद्धा जाईल. बाबांना कडू तोंडाचा तिटकारा, म्हणून मी गोळी गुळाच्या खड्यात दाबून रोज त्यांच्या हातावर ठेवायची. बाबा निमूट गिळायचे. लेक शिकलेली, ती म्हणते तर खरंच असणार.

अश्विनात घोळीचा हंगाम सुरू झाला आणि बाबांचे कान वाजायला लागले. आधी रातकिड्यासारखं, मग घूं घूं, मग दोन्ही कानांत घंटेसारखं. डोकं जड, मळमळ, उभं राहिलं की भोवळ. ते वल्हं कानाला लावायचे आणि पाण्याचं काही वर यायचंच नाही, आपल्याच डोक्यातलं ऐकू यायचं. एक दिवस त्यांनी त्या घूंलाच घोळ समजून जाळं टाकायला लावलं. सहा माणसांनी जाळं ओढलं तर नुसता चिखल आणि शेवाळ. खलाशी काही बोलले नाहीत. तेच वाईट. शिव्या दिल्या असत्या तर बाबांना बरं वाटलं असतं.

शिमग्याचा दणका आता वर आला, असं वाड्यात सगळे म्हणू लागले. मार अंगात मुरतो आणि पावसाळ्यानंतर उठतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मला तर ते सांगायचीही गरज नव्हती. मी काकाकडे बघून दात-ओठ खाल्ले. पाचव्या की सहाव्या दिवशी खलाशांनी ठरवलं की बाबांचा कान बरा होईपर्यंत काकानं वल्हं धरावं. किनाऱ्यावर मी उभी होते. काकानं हात पुढे केला आणि बाबांनी वल्हं दिलं. कानामागून आला आणि तिखट झाला! मी तिथेच मनात म्हटलं, मेल्या, तुझं उट्टं काढलं नाही तर नावाची नाही.

मग उपचार सुरू झाले. आईनं खोबरेल तेलात लसणीच्या पाकळ्या काळ्या होईस्तोवर तळून ते तेल कोमट करून घातलं. मोहल्ल्यातली एक म्हातारी खाला आईची मैत्रीण होती, तिनं काळ्या जिऱ्याचं तेल पाठवलं आणि बजावलं, "बेन, थंड पाणी लावू नकोस, हवा धरली हाय कानानं." रुईचं पिकलेलं पान तूप लावून निखाऱ्यावर शेकलं, पिळून रस घातला. किनाऱ्यावर पांढरा समुद्रफेस सापडतो, माकुळाच्या पाठीतलं हाड ते, त्याची पूड फुंकली. जाडं मीठ तव्यावर तापवून त्याच्या पुरचुंडीनं कानामागे शेकलं. भगतानं लिंबू उतरवलं. बाबांना बरं वाटायचं ते एकाच जागी, लाटा फुटतात तिथे. त्या आवाजात कानातला आवाज बुडायचा. दुपारभर ते वाळूवर ओढलेल्या होडक्याच्या सावलीत पडून असायचे. तांडेल माणूस, हंगामाच्या दिवसांत, होडक्याच्या सावलीत!

आणि मी काय करत होते? आई म्हणाली, "ताप गेला न्हाय गं, डोक्यात चढून बसलाय." मला पटलं. मी गोळी एकाची दोन केली. तेलाचे चार थेंब कानात आणि गुळाचे दोन खडे तोंडात. कान जास्त वाजले की मला वाटायचं औषध कमी पडतंय. त्या हिवाळ्यात पोस्टात माझ्याइतकी कोयनेल कुणी नेली नसेल.

सूड कसा घ्यायचा याचे मनसुबे मी रोज पाण्याला जाता-येता रचायची. काकाच्या तपकिरीत मिरचीपूड घालीन. त्याच्या कानात झोपेत मुंगळा सोडीन. त्याच्या उखळीत ओली वाळू भरीन आणि देवीपुढे सगळ्यांच्या देखत त्याचा बार फुसका करीन. काका घरी यायचा, ओसरीवर बसायचा, "दादा, आज कसं हाय?" विचारायचा, आणि मी आतून भांडी आपटायची. आई डोळे मोठे करायची. काका एकदा हसून म्हणाला, "पोरीला भांड्यांचा बार काढायला लावा शिमग्याला." हे ऐकल्यावर तर मी त्याला सात जन्म सोडणार नव्हते.

शिमगा पुन्हा आला. होळीसाठी लाकडं चोरायची हा रिवाज. कुणाची मोडकी खाट जाते, कुणाच्या कुंपणाचा खुंट जातो. शिव्या खुशाल द्या, पण एकदा होळीच्या ढिगात पडलेलं लाकूड देवीचं, ते कुणी परत काढत नाही. भर दुपारी वाडा जेवून पेंगला होता. काकाच्या पडवीत ते वल्हं आढ्याला दोन दोऱ्यांनी टांगलेलं होतं. काकी मागच्या दारी वाळत घातलेली मासळी पालटत होती. मी बाकावर चढले, दोऱ्या सोडल्या, वल्हं कांबळ्यात गुंडाळून खांद्यावर टाकलं आणि होळीच्या ढिगात, सुक्या झावळ्यांच्या आत, पार खोल खुपसलं. तुझा बार माझ्या बापाच्या कानात, माझा बार तुझ्या हातात. लाव आता कान कुठे लावतोस तो! संध्याकाळी चांद वर आला, होळी पेटली. मी पोरींच्या फेरात नाचले. त्या वर्षी माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

सकाळी लोक राख कपाळाला लावायला जातात. काका वाकला, राखेतून काहीतरी उचललं, पुसलं आणि कंबरेला खोचलं. मग मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. डोळे खाली घालतील ते दुसरे! कळू दे, मला तेच हवं होतं. तो आता बोंब मारील, मला चव्हाट्यावर ओढील, आणि मी सगळ्यांसमोर त्याला त्याचा बार आठवून देईन, म्हणून मी चार दिवस तोंड धुवून तयार होते. तो काही बोललाच नाही. भ्याला, मी म्हटलं.

चैत्रात मला ताप आला. तीच हुडहुडी, त्याच गोधड्या. पुडी घरात होतीच. मी बाबांना देत होते तशाच दोन-दोन गोळ्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, घाम आला, हलकं वाटलं. मी पडल्या पडल्या आईला म्हटलं, "आये, बाहेर कोण सारखी घंटा वाजवतंय?"

आई म्हणाली, "कुठं गं घंटा?"

मी कानांवर हात ठेवले. आवाज तसाच. उशीत तोंड खुपसलं. तसाच. रातकिड्यासारखं, मग घूं घूं, मग घंटा. बाबांनी सांगितलेलं अक्षर न अक्षर माझ्या डोक्यात वाजत होतं. मला कुणी बार मारला नव्हता. मी कुठल्या होळीपुढे उभी नव्हते. मी फक्त त्या गोळ्या गिळल्या होत्या, ज्या मी गुळात दाबून सहा महिने माझ्या बापाच्या हातावर ठेवल्या होत्या. मी उठले, भोवळ आली, भिंत धरून गेले आणि सगळी पुडी चुलीत टाकली. आई ओरडली. मला ओकारी आली. पुढे दवाखान्यातल्या कंपाउंडरनं मला अगदी सहज सांगितलं, "कान वाजायला लागले की कोयनेल थांबवायची, एवढं सोपं आहे." एवढं सोपं! त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. माझ्या स्वतःच्या तोंडात किती वेळा दिली ते मी मोजलं नाही.

माझे कान चार दिवसांत निवळले. बाबांना वेळ लागला, पण रोज थोडं थोडं कमी होत गेलं. पंधराएक दिवसांनी सकाळी ते चुलीशी येऊन बसले आणि म्हणाले, "बाय, भात रटरटताना आयकू येतोय." आई रडली. बाबा उठले, डोक्याला रुमाल बांधला आणि तडक किनाऱ्यावर निघाले. मला कळलं ते कशाला चाललेत. मी मागे धावले.

काका जाळं शिवत बसला होता, भोवती चार-पाच खलाशी. बाबा म्हणाले, "निवळला रे कान. दे माझं वल्हं."

काकानं सुई थांबवली. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "न्हाय दादा. होळीत गेलं."

"कुणी टाकलं?"

आता, मी म्हटलं. आता सांगेल.

"मीच उघड्यावर ठेवलं व्हतं," काका म्हणाला. "पोरांनी उचललं असंल. चूक माझी."

बाबांनी त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाले, "आधी कान घेतलास, मंग वल्हं," आणि परत फिरले. त्या दिवसापासून बाबा सख्ख्या भावाशी एक शब्द बोलले नाहीत. काका मचव्यावरून उतरला आणि मिठागरावर कामाला जाऊ लागला. बाबा पुन्हा तांडेल झाले, नवं वल्हं केलं, पण म्हणायचे, "ऐकू येतं, भिंतीपल्याडून आल्यावानी." जाळं भरून आलं की हसायचे नाहीत आणि रिकामं आलं की काकाच्या घराकडे बघून थुंकायचे. माझा सूड मी खाली ठेवला तेव्हा तो बाबांनी उचलला होता, आणि तो माझ्यापेक्षा त्यांना जास्त जमला.

काकीनं मला एकदा विहिरीवर गाठून सांगितलं. काकाला वल्ह्यातून कधी काही ऐकू आलं नव्हतं. खलाशांचा धीर सुटू नये म्हणून तो नुसता डोळे मिटून बसायचा आणि पक्षी बघून जाळं टाकायला सांगायचा. "रोज मुशीचं तेल लावायचा त्या लाकडाला," काकी म्हणाली. "दादाचा कान आला की लागंल, म्हणायचा." मी घागर तशीच ठेवून घरी आले.

मग मी सांगितलं का नाही? आधी भीतीनं. मग लाजेनं. आणि मग, खरं सांगते, रागानं. काकाच्याच रागानं! तो बोलला असता तर मी रडले असते, मार खाल्ला असता, मोकळी झाले असते. हा माणूस माझा गुन्हा स्वतःच्या डोक्यावर घेऊन मिठागरावर उन्हात उभा राहिला आणि मला रोज ते बघायला लावलं. यापेक्षा मोठा सूड माझ्या मिरचीपूड-मुंगळ्यांत कुठे होता? मी पुढे शिकले आणि मास्तरीण म्हणून श्रीवर्धनकडे निघाले, त्या दिवशी काका धक्क्यावर आला. माझ्या हातात तांब्याची पट्टी ठेवली, होळीत काळी पडलेली. म्हणाला, "पोरी, तुझं सामान ऱ्हायलं व्हतं आमच्याकडं." त्यानं मला माफ केलं होतं की डागलं होतं, ते मला आजवर ठरवता आलं नाही. त्याच्या तोंडावरून काही कळलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

दोन वर्षांनी काका वारला, छातीच्या दुखण्यानं. बाबा स्मशानात गेले. लांब उभे राहिले, खांदा दिला नाही. मी गावी आले होते. घरी आल्यावर बाबांनी आंघोळ केली आणि ओसरीवर बसले. मी ती पट्टी त्यांच्या पुढ्यात ठेवली. बाबांनी ती उचलली, आजोबांच्या ठोक्यांवरून अंगठा फिरवला आणि ओळखली. मग मी सगळं सांगितलं. गोळ्या, गूळ, पडवी, कांबळं, होळी. काही ठेवलं नाही. मला वाटलं आता हात उगारतील. माझी इच्छा होती उगारावा.

बाबांनी पट्टी मुठीत धरली आणि काकाच्या घराकडे बघितलं. मग मला विचारलं, "मंग इतकी वर्सं मी बोललो न्हाय, तो कुणाशी?"